जुन्या होंडा सिटीसाठी ६२ मिमी थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डचं किट : सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर किती कामाचं?

१९९८ ते २००३ च्या होंडा सिटी १.५ चे शौकीन सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात अजूनही भरपूर आहेत. १४९३ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं हे इंजिन आजही आवडीनं फिरतं. त्यातल्या व्हीटेक (वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या) इंजिनाला कंपनीनंच १०६ बीएचपी दिली होती. याच इंजिनासाठी ऑनलाइन एक बिनब्रँडचं किट मिळतं. त्यात ॲल्युमिनियमचं ओतीव इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांचा भाग), ६२ मिमी बोरची म्हणजे आतल्या व्यासाची थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारं हवेचं दार), दोन गॅस्केट आणि मूठभर बोल्ट असतात. हा रिव्ह्यू त्या किटचा. पाचपैकी अडीच गुण. त्यातले दोन मॅनिफोल्डच्या धातूला आणि अर्धा थ्रॉटल बॉडीला.

किट घेण्याआधी एक तपासणी करून बघा. व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली हवेची ओढ मोजणारा) कुठल्याही बऱ्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतो. मॅनिफोल्डच्या एखाद्या व्हॅक्यूम नळीला टी लावून तो जोडायचा आणि लांब नळीनं आत घ्यायचा. मोकळा रस्ता बघून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि शेजारी बसलेल्या माणसानं काटा बघायचा. सहा हजार आरपीएमच्या पुढेही काटा शून्याला चिकटून असेल, तर थ्रॉटलपाशी हवा अडतच नाही आणि ती मोठी करून काही मिळणार नाही. काटा इंचभर (गेजवर पाऱ्याचे इंच असतात) वर राहत असेल तर एअर फिल्टर काढून पुन्हा बघा. ऊस गाळपाच्या दिवसांत आपल्याकडच्या रस्त्यांवर एवढी धूळ असते, की दोष बहुतेक वेळा फिल्टरमध्येच सापडतो. नवा फिल्टर टाकला की काम झालं.

याचा हिशेब सोपा आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. १४९३ सीसी, ६५०० आरपीएम आणि ९० टक्के भरणा धरला, तर सेकंदाला साधारण ७३ लिटर हवा लागते. मूळ थ्रॉटलचा बोर ५६ मिमी धरला, तर त्यातून ती सेकंदाला ३० मीटर वेगानं जाते. बटरफ्लाय (आतली गोल झडप) आणि त्याचा शाफ्ट जागा अडवतात म्हणून ३७ मीटर धरा. एवढ्या वेगाला दाबाची घट एक किलोपास्कलही होत नाही, म्हणजे हवेच्या एकूण दाबाच्या एक टक्क्याहून कमी. ६२ मिमी केल्यावर क्षेत्रफळ जवळपास २३ टक्क्यांनी वाढतं, हे खरं. पण वाचवायला मुळात एक टक्काच शिल्लक असेल, तर २३ टक्के मोठ्या तोंडाचा उपयोग काय?

तरीही किट बसवल्यावर ‘पिकअप वाढला’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. ते खोटं बोलत नसतात. बोर मोठा असला की पेडल तेवढंच दाबूनही जास्त हवा आत जाते. आधी अर्ध्या पेडलला मिळायचं ते आता पाव पेडलला मिळतं, त्यामुळे गाडी चपळ वाटते. पूर्ण पेडलला मात्र ताकद होती तेवढीच राहते. उलट गावात, ट्रॅफिकमध्ये, विश्रामबागच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये गाडी धक्के देते, कारण थोड्याशा दाबानंही ती एकदम उसळते.

मॅनिफोल्डची गोष्ट वेगळी आहे आणि इथे किटचा खरा स्वभाव कळतो. हेडपासून (सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्हच्या भागापासून) प्लेनमपर्यंतच्या (थ्रॉटलमागच्या हवेच्या पेटीपर्यंतच्या) नळ्यांना रनर म्हणतात. व्हॉल्व्ह उघडला की खाली सरकणाऱ्या पिस्टनमुळे रनरमध्ये दाबाची लाट तयार होते. ती प्लेनमपर्यंत जाऊन परत येते. परतीची लाट व्हॉल्व्ह बंद व्हायच्या जरा आधी पोचली, तर सिलिंडरमध्ये थोडी जास्त हवा कोंबली जाते. रनर लांब असेल तर ही जुळणी कमी आरपीएमला होते, आखूड असेल तर जास्त आरपीएमला. या किटचे रनर मूळ मॅनिफोल्डपेक्षा दिसायलाच आखूड आणि रुंद आहेत. म्हणजे फायदा पाच-साडेपाच हजारांच्या वर आणि तोटा दोन ते साडेतीन हजारांत.

आता आपले रस्ते आठवा. पसरणी घाटात वाईहून पाचगणीला चढताना, यवतेश्वरमार्गे कासला जाताना किंवा खंबाटकी चढताना चार माणसं आणि एसी चालू असला की इंजिन नेमकं दोन ते साडेतीन हजारांतच राहतं. तिथे हे मॅनिफोल्ड मूळ भागापेक्षा कमी ओढतं आणि एक गिअर खाली घ्यावा लागतो. शिवाय सांगली साडेपाचशे मीटरवर आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, त्यामुळे वर पोचेपर्यंत हवेचा दाब जवळजवळ ९ टक्क्यांनी उतरतो. ही घट कुठल्याही थ्रॉटल बॉडीनं भरून निघत नाही. घाटात गाडी दमते म्हणून हे किट घ्यायचा विचार असेल, तर घेऊ नका.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलला आहे, हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा कोरून मोठ्या करणं) झालं आहे, एक्झॉस्ट हेडर बसवला आहे आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून करणारा माणूस हाताशी आहे, अशा गाडीला मात्र हे मॅनिफोल्ड शोभतं. ट्यूनिंगला पर्याय नाही. या सिटीचा ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम बघून पेट्रोल ठरवतो आणि त्याचं कोष्टक मूळ मॅनिफोल्डसाठी लिहिलेलं आहे. नवं मॅनिफोल्ड वरच्या आरपीएमला जास्त हवा भरू लागलं, की पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणावर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसणं) सुरू झालं तर पिस्टनचा जीव जातो.

भागांचा दर्जा. मॅनिफोल्डचं ओतकाम चांगलं, भिंती जाड आणि वेल्डिंग कुठे नाही. फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी सपाट कड, मात्र सरळ नाही. सरळपट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला तर दोन्ही टोकांना ०.१५ मिमीचं पान सहज जातं. असं मॅनिफोल्ड बसवलं तर पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरपाशी हवा ओढली जाणारच. कुपवाड एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंग करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून फ्लँज ०.०५ मिमीच्या आत सरळ करून घ्या. आधी रनरच्या आतल्या ओतकामाची वाळू आणि किस काढायला सांगा, नंतर रॉकेलनं धुऊन कॉम्प्रेसरच्या हवेनं झटका. वाळूचा एक कण सिलिंडरमध्ये गेला तरी लायनरवर रेघ पडते.

थ्रॉटल बॉडीत तीन दोष आहेत. बटरफ्लाय पूर्ण बसत नाही. अंधारात मागून टॉर्च धरली की कडेनं चंद्रकोरीसारखा उजेड दिसतो. त्यामुळे आयडल, म्हणजे पेडल सोडल्यावरचा आरपीएम, साडेसातशेच्या जागी बाराशे-पंधराशेवर लटकतो. बटरफ्लायचे दोन्ही स्क्रू सैल करा, स्टॉप स्क्रू मागे घ्या, बटरफ्लाय स्प्रिंगच्या जोरानं दोन-चार वेळा आपटून मध्यावर येऊ द्या आणि मग स्क्रू लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावून आवळा. हे स्क्रू सुटले तर थेट इंजिनात जातात, म्हणून लॉकटाइट टाळू नका. दुसरं, शाफ्टला खेळ आहे. बोटानं हलवून जाणवत असेल तर नग परतच करा. तिसरं, आयडल व्हॉल्व्हच्या हवेचं भोक आणि गॅस्केटचं भोक एकमेकांवर येत नाही. गॅस्केट तसंच बसवलं तर एसी लावल्यावर इंजिन बंद पडतं आणि फिटर बिचारा व्हॉल्व्हला दोष देत बसतो. गॅस्केट ब्लेडनं नीट कापून घ्या.

ऑर्डर देताना आणखी एक काळजी घ्या. होंडाच्या या इंजिनांचे सगळे हेड सारखे नाहीत. ‘डी-सीरिजला (होंडाच्या या इंजिनांच्या मालिकेला) बसेल’ एवढ्या शब्दावर विसंबू नका. जुन्या गॅस्केटचा फोटो मोजपट्टी ठेवून विक्रेत्याला पाठवा आणि पोर्टचं माप जुळल्यावरच पैसे द्या.

बसवायला पूर्ण दिवस धरा. इंजिन थंड हवं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पेट्रोल फिल्टरवरचा सर्व्हिस बोल्ट फडकं धरून हळू सैल करा, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. कुलंट काढावंच लागतं, कारण ते मॅनिफोल्डमधून आणि थ्रॉटल बॉडीमधूनही फिरतं. प्रत्येक नळीला टेप लावून नाव लिहा. ब्रेक बूस्टरची नळी व्हॅक्यूम नसलेल्या जागी लागली तर ब्रेक दगडासारखा होतो. मॅनिफोल्डच्या खालचा आधाराचा ब्रॅकेट काढायचा विसरून वरून पहार घालणारे महाभाग आहेत. त्यात स्टडचे आटे जातात. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा आणि पोर्टमध्ये फडकी कोंबून ठेवा.

इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्याच घाला, थोडं इंजिन ऑइल लावून. हेडच्या बाजूला गॅस्केट कोरडंच बसवा, त्यावर सिलिकॉनचा थर देऊ नका. जास्तीचं सिलिकॉन आत तुटून पडतं. नट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, शेवटी २३ न्यूटन मीटरवर. थ्रॉटल बॉडीचे २२. टॉर्क पाना नसेल तर त्या गॅरेजात हे काम देऊच नका. ॲक्सिलरेटर केबलला १० ते १२ मिमी सैलपणा ठेवा. थ्रॉटल पोझिशन सेन्सर मल्टिमीटरनं बघा : बंद असताना ०.५ व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर ४.५, आणि मध्ये कुठेही आकडा उडी मारता कामा नये.

स्टार्टर मारण्याआधी नुसती चावी दोन-तीन वेळा ऑन करून पेट्रोल कुठे झिरपतं का ते बघा. कुलंट भरताना ब्लीड बोल्ट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. आत हवा राहिली तर आयडल वर-खाली नाचतो. लीक शोधायला तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारायची आपल्याकडे सवय आहे. ती जीवघेणी आहे, एक्झॉस्ट तिथेच असतो. स्मोक मशीन (धूर सोडून गळती दाखवणारं) असलेलं गॅरेज शोधा. शेवटचा निवाडा गेजवर : सांगलीच्या उंचीवर निरोगी इंजिनाला आयडलला १६ ते १८ इंच व्हॅक्यूम स्थिर मिळायला हवा. दोन-तीन इंच कमी आणि काटा शांत असेल, तर कुठेतरी हवा शिरते आहे. काटा ठरावीक ठेक्यात थरथरत असेल तर मॅनिफोल्ड सोडा, व्हॉल्व्ह बघा.

या गाड्यांना पंधरा वर्षं कधीच उलटून गेली आहेत, त्यामुळे एमएच-१० असो वा एमएच-११, नोंदणीचं नूतनीकरण आणि पीयूसी चुकत नाही. बदलानंतर पीयूसी लगेच करून घ्या. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढलेला दिसला तर मिश्रण जाड आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. मूळ मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडी भंगारात देऊ नका. सुस्थितीतला जुना जोड आता सहजी मिळत नाही आणि ट्यूनिंग जमलं नाही तर तोच परत बसवावा लागतो.

ज्यांची गाडी कंपनीतून आली तशीच आहे, त्यांनी या पैशात मूळ थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह उतरवून साफ करून घ्यावा, मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डकडे सोडणारी झडप) नवे टाकावेत, टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची फट) मोजून घ्यावा. पसरणी घाटात फरक पडेल तो यानंच.