घरपोच भाडेकरार: अंगठा झटपट, मसुदा मात्र तपासून घ्या

मुलुंड पूर्वेला भाड्याने घर घेताना लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक काळ घर वापरायच्या परवानगीचा करार घरपोच नोंदवून देणाऱ्या सेवेकडून करून घेतला. नाव लिहीत नाही. पाचपैकी तीन तारे, आणि तेही घरी आलेल्या मुलाचे.

मुलगा वेळेवर आला, लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं मशीन घेऊन. घरमालक काकांचा अंगठा काही केल्या जुळेना. त्याने न वैतागता ओल्या रुमालाने बोटं पुसायला लावली, एकेक करून पाहिलं, शेवटी डाव्या हाताची तर्जनी लागली. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, नोंदणी फी १००० रुपये, दोन्हीच्या पावत्या मिळाल्या.

मसुदा मात्र डोकं फिरवणारा. ‘सर्व दुरुस्त्या लायसन्सीने स्वखर्चाने कराव्यात.’ लायसन्सी म्हणजे घर वापरायला घेणारी, मी. ऑफिसला फोन केला तर, "मॅडम, स्टँडर्ड आहे." अहो, सेफ्टी डोअरची कडी आधीपासून निखळलेली, बाथरूमच्या छताला ओल, आणि भरायचं मी? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्ये दुरुस्ती घरमालकाकडे आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही, तर भाडेकरूने करून घ्यायची आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खर्च भाड्यातून वळता करायचा. मेख अशी की उलट करार असेल तर हे लागू नाही. शिवाय ११ महिन्यांवाले आपण भाडेकरू नाहीच, लायसन्सी. म्हणजे सगळा भार करारातल्या त्या एका ओळीवर.

काकांना कडी हलवून दाखवली. "लिहा हो, माझी काय हरकत?" मग बल्ब, नळाचा वॉशर असलं किरकोळ माझ्याकडे, वायरिंग, प्लंबिंग, ओल, सेफ्टी डोअर त्यांच्याकडे. जुन्या भाडेकरूकडे किल्ली राहिली असेल, म्हणून लॅचही तेच बदलणार. वरच्या बाथरूमच्या गळतीसाठी सोसायटीला अर्जही त्यांचाच, सभासद ते आहेत.

एवढ्या बदलाचे ऑफिसने जादा पैसे लावले, तिथे दोन तारे गेले. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवण्याचेही वेगळे सांगतात. ते नको म्हणा, मुंबई पोलिसांच्या साइटवर घरमालकाला स्वतः भरता येतं. आणि मसुदा आदल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. मुलगा दारात आल्यावर वाचायला कोणी वेळ देत नाही.