एक टीबीच्या डिस्कमध्ये निघाले ५८ जीबी

नवी डिस्क पूर्ण तपासून होत नाही तोवर जुनी हार्ड डिस्क कोणालाही एक्सचेंजमध्ये देऊ नका. मी दिली आणि माझ्या आजीचा आवाज गमावून बसलो.

लॅपटॉप थिंकपॅड टी६१, २००७ सालचं मॉडेल. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा सेकंडहँड घेतला होता. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावची अहिराणी गाणी मी त्याच्यावरच साठवत गेलो. कानबाई या खानदेशातल्या देवीची गाणी, लग्नातली गाणी, आणि मोठमाय, म्हणजे माझी आजी, घरोटावर (जात्यावर) म्हणायची त्या ओव्या. मोठमाय २०१६ मध्ये गेली.

गेल्या मे महिन्यात तो लॅपटॉप वेगवान करायला घेतला. टी६१ चा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, मदरबोर्डला डकवलेला नसतो, त्यामुळे घरीच बदलता येतो. आधी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, अपडेट केला. मग २.० गिगाहर्ट्‌झचा टी७३०० काढून २.५ चा टी९३०० बसवला, फॅन साफ केला, नवी थर्मल पेस्ट लावली. जळगावचा मे महिना, कूलरसमोर बसून काम केलं. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. त्या आनंदातच राहिलेलं काम उरकायला निघालो: जुनी २५० जीबीची फिरती डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, टाकायची.

जळगावातल्या एका दुकानात १ टीबीची एसएसडी १८०० रुपयांना मिळाली. खरी डिस्क तेव्हा याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला जायची, हे मला माहीत होतं. "दादा, कंपनीचा जुना स्टॉक आहे," असं तो म्हणाला. त्याच्या कॉम्प्युटरवर लावून १ टीबी दाखवलं, वेग ५५० एमबी आहे म्हणून सांगितलं. टी६१ चा बायोस डिस्कची साटा जोडणी सेकंदाला दीड गिगाबिटवर अडवून ठेवतो. सेकंदाला १५० एमबीच्या पुढे ते मशीन जाऊच शकत नाही, मग तो आकडा माझ्या काय कामाचा, हा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. "डेटा कॉपी करून जुनी डिस्क आणून द्या, तीनशे परत देतो," असंही म्हणाला. बिल दिलं नाही, मीही मागितलं नाही. पैसे रोख दिले.

घरी तिच्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी सिस्टम) टाकलं, मशीन भराभर चालू लागलं. मग १८० जीबीच्या आसपास डेटा कॉपीला लावला. सुरुवातीला वेग चांगला होता, नंतर इतका घसरला की सगळी रात्र गेली. मला वाटलं, जुनं मशीन आहे, चालायचंच. सकाळी सगळे फोल्डर जागेवर होते, नावं बरोबर, साइज बरोबर. दोन-चार फाइली उघडून पाहिल्या, त्याही वरच्याच फोल्डरमधल्या. दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क देऊन तीनशे रुपये घेऊन आलो.

श्रावणात कानबाईसाठी सगळे भाऊबंद गावी जमलो होतो. रोटांचा नैवेद्य झाल्यावर काकू म्हणाली, मोठमायच्या ओव्या लाव. फाइल उघडली. साइज पूर्ण दाखवत होती, आवाज काहीच नाही. दुसरी उघडली, तीही तशीच. त्या फोल्डरमधली एकही वाजली नाही.

अशा खोट्या डिस्कमध्ये आत मोजकीच मेमरी असते आणि कंट्रोलरला, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या भागाला, खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. मेमरी भरली की पुढे लिहिलेलं हरवतं, पण "लिहिलं" असंच उत्तर येत राहतं. फाइलींच्या नावांची यादी खऱ्या मेमरीत बसून गेलेली असते, म्हणून वरून सगळं शाबूत दिसतं. कॉपी अक्षरांच्या क्रमाने गेली होती. 'कानबाई' आधी आली, ती वाचली. 'मोठमाय' पार पुढे होती.

वाचलं तेवढं बाजूला काढून मी लिनक्सवर एफ३ ही चाचणी लावली. ती डिस्क काठोकाठ भरते आणि लिहिलेलं सगळं परत वाचून पाहते. खरी जागा निघाली ५८ जीबी. डबा उघडला तर इवलासा बोर्ड, त्यावर मेमरीची एकच चिप, नाव घासून टाकलेलं. बोर्ड छोटा किंवा डिस्क हलकी म्हणून ती खोटी ठरवू नका, चांगल्या एसएसडीही आतून तशाच असतात. भरून वाचून पाहणं, हाच भरवशाचा मार्ग. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हेच काम करतं. एक टीबीला कित्येक तास लागतात, लागू द्यावेत.

दुकानदाराने ओळखच दाखवली नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिल विचारलं. ते नसल्यामुळे तक्रार पुढे सरकली नाही. १८०० रुपयांचं मला काही नाही. दुकानदाराला जुन्या डिस्कचं विचारलं तर म्हणाला, "ती कधीच विकली गेली." कोणाला, ते सांगेना.

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे कोणी हल्ली जुनी २५० जीबीची लॅपटॉप डिस्क घेतली असेल आणि तिच्यात 'मोठमाय' नावाचा फोल्डर दिसला, तर कृपा करून फॉरमॅट मारू नका. फॉरमॅट मारून झालं असेल तरी तिच्यावर नवीन काही लिहू नका. अजून त्यातलं काही निघू शकेल.