कंपनीचा गंज आणि माझा गंज: रेलिक गिटार वापरल्यानंतर

माझी गिटार रेलिक आहे, म्हणजे नवीच, पण कंपनीने मुद्दाम झिजवून, गंजवून जुनी केलेली. तिच्या गंजाची तक्रार केली होती, त्यावर सर्व्हिस सेंटरचं उत्तर एकदाचं आलं. ब्रिजवरचा (तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) गंज ‘हवामान आणि वापर’ यांमुळे आलेला आहे, सबब वॉरंटीत बसत नाही. ज्या गिटारच्या जाहिरातीत गंजक्या ब्रिजचा फोटो सगळ्यात मोठा होता, ज्या गंजासाठी माझ्याकडून साध्या मॉडेलपेक्षा अठरा हजार जास्त घेतले, तो गंज पावसाळा संपता संपता अचानक माझा झाला. मी उलट लिहिलं, साहेब, तारांची उंची ठरवणाऱ्या बारा स्क्रूंपैकी किती स्क्रूंवरचा गंज तुमचा आणि किती माझा तेवढं कळवा, माझ्या वाटणीचा मी घासून काढतो. त्यावर अजून तरी शांतता आहे.

ब्रँडचं नाव लिहीत नाही, भांडण मिटलेलं नाही. स्पेक्स तुम्हाला पाठ असतीलच: स्ट्रॅट (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची) बॉडी, अल्डरचं लाकूड, नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) फिनिश, रोजवुड फिंगरबोर्ड, सहा स्क्रूंचा जुन्या पद्धतीचा ट्रेमोलो, म्हणजे हलता ब्रिज, आणि त्यावर एकेका तारेखाली पत्रा वाकवून केलेली सॅडल्स. रेलिकची पातळी ‘मीडियम’. म्हणजे कोपराखाली रंग उडालेला, पाठीवर पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे, आणि लोखंड म्हणून जे काही आहे ते तपकिरी.

गडबड डिलिव्हरीच्या दिवशीच सुरू झाली होती. खोक्याचा कोपरा चेपलेला, म्हणून तो पोरगा म्हणाला, माझ्यासमोर उघडा. उघडल्यावर त्याचा चेहराच उतरला. ‘काका, हे तर सगळं खरचटलंय. माझ्या पगारातून कापतील.’ त्याला सांगितलं, बाबा रे, कंपनीच करते असं, मुद्दाम. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग मोबाइल काढून पुढून-मागून फोटो घेतले, आणि ‘कस्टमरला मान्य’ असं लिहून माझी सही घेतली. ते फोटो आज माझ्या हातात असते तर वरचा वाद एका मेलमध्ये निकाली निघाला असता.

आता चांगलं सांगतो, कारण जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. नेक, म्हणजे गिटारचा दांडा. मागची चकाकी घासून काढलेली, फिंगरबोर्डच्या दोन्ही कडा बोटाने दाबून गोल केल्यासारख्या. नाशिकचा मे महिना, रेकॉर्डिंग चालू म्हणून पंखा बंद, आणि तळहाताला घामाची धार. माझ्या जुन्या ग्लॉसी नेकवर अशा वेळी अंगठा चिकटून बसतो, पोझिशन बदलताना चर्रर्र आवाज येतो. हिच्यावर हात सरकतो. पहिल्या दिवसापासून. नवी गिटार अशी व्हायला वर्षं जातात, आणि ती वर्षं विकत घ्यायला माझी ना नाही.

दुसरं सुख म्हणजे निर्धास्तपणा. त्र्यंबक रोडच्या एका रिसॉर्टवर वाजवत होतो, साउंडवाल्याचा माइक स्टँड सरळ गिटारवर आडवा झाला. घरी येऊन टॉर्च मारून शोधलं, नवा पोचा कुठला आणि कंपनीचा कुठला, कळलंच नाही. चकचकीत गिटार असती तर त्या रात्री जेवण गेलं नसतं.

मुळात ही कल्पना निघाली तीही याच गरजेतून. पन्नास-साठच्या दशकांतल्या गिटारी इतक्या महाग झाल्या की वाजवणारे त्या घरी ठेवून स्टेजवर दुसरीच न्यायला लागले. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ मध्ये पहिल्या रेलिक मांडल्या. सुरुवातीच्या वर्षांत हे जुनं करण्याचं काम व्हिन्स कुनेटो नावाचा कारागीर करत असे. नायट्रोचा थर पातळ असतो, त्यातलं सॉल्व्हंट उडून तो वाळतो आणि पुढेही आकसत, पिवळा पडत राहतो. त्याला एकदम गारवा दिला की तडे जातात. धातूचे भाग ॲसिडच्या वाफेवर धरले की वरचं निकेल मरतं. आता गिब्सन कंपनीच्या मर्फी लॅबमध्ये तर अगदी हलक्यापासून पार भंगारापर्यंत पातळ्या ठरवलेल्या आहेत. २००७ मध्ये रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ गिटारच्या ३०० नकला निघाल्या, प्रत्येकी २५,००० डॉलरला, सिगारेटच्या डागांसकट. दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटचे एवढे पैसे!

आणि मग आयरिश गिटारवादक रोरी गॅलेहर. १९६१ ची स्ट्रॅट, त्याने १९६३ मध्ये कॉर्कमधल्या दुकानातून घेतलेली, तीही सेकंडहँड. रंग जवळजवळ सगळा गेलेला, आत लाकूड उघडं. त्याचा घाम फार तेज होता म्हणतात. २०२४ च्या लिलावात ती जवळपास ९ लाख पौंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला मिळाली. तिचे फोटो झूम करून बघा. रंग जिथे गेलाय तिथे हात, कोपर, छाती लागलेली कळते. पण ती गिटार तो आयुष्यभर वाजवत राहिला, कारण जे जे बिघडलं ते ते तो बदलत गेला. ट्यूनिंगच्या खुंट्याही एकसारख्या राहिलेल्या नाहीत.

इथे माझं मुख्य दुखणं सुरू होतं. माझ्या गिटारच्या अंगावर चाळीस वर्षांच्या जखमा आहेत, पण फ्रेट्स, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, कालचे. एकाही तारेखाली खड्डा नाही. कोपराने लाकडापर्यंत रंग खाल्लेल्या गिटारचे फ्रेट्स एव्हाना दोनदा बदलून झाले असते. अर्थात तक्रार नाही, झिजक्या फ्रेट्सचे पैसे कोण देईल? कंपनीलाही ते कळतं. जिथे सूर बिघडेल तिथे त्यांनी हात लावलेला नाही. मग तीच अक्कल स्क्रूंना का लावली नाही?

सॅडलचे ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे बारीक स्क्रू. प्रत्येक सॅडलला दोन, एकूण बारा. तारेची उंची यांच्यावर चालते. हे दिसायला काळ्या मुंगीएवढे. स्टेजवर पहिल्या रांगेतल्या माणसालाही दिसणार नाहीत, फोटोत दिसणार नाहीत, मला स्वतःला चष्मा लावल्याशिवाय दिसत नाहीत. तेही गंजवलेत! ब्रिज सुटा न करता अख्खाच्या अख्खा वाफेवर धरला असणार, दुसरं काय. वरचा मुलामा गेला की आत उघडं लोखंड. त्यावर वाजवताना उजव्या हाताचा तळवा टेकतो, घामातलं मीठ तिथेच मुरतं, आणि वर नाशिकचा जुलै, ज्यात घरातल्या बिस्किटांचीही धडगत नसते. कंपनीचा गंज हा फक्त रंग होता. त्यावर बसला तो खरा गंज, आणि खरा गंज वाढतो.

पावसाळ्यात लाकूड दमट होऊन नेक पुढे आला, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, वर गेली. नेकमधला ट्रस रॉड पाव वळसा फिरवला, आता सॅडल खाली घेऊ म्हटलं, तर जाड ई आणि ए तारेच्या एकेका स्क्रूमध्ये ॲलन की शिरेचना. षटकोनी भोकात गंजाची पूड दाटलेली. सुईने कोरून काढली, की बसवली, फिरवली, आणि कीच गोल फिरली. भोकाच्या कडा गेल्या. बरोबर हेच दोन, जिथे तळवा सगळ्यात जास्त टेकतो. बाकीचे दहा कुरकुरत का होईना, हलले.

भांडी बाजारात अँटिक पॉलिशची समई मिळते, हिरवट-काळी, आजीच्या काळातली वाटणारी. पण तेल गळायला नको म्हणून वाटी आतून नीट केलेली असते. पितळेवाल्याला जे समजतं ते यांना समजू नये?

आता खरी झीज कशी असते तेही सांगतो, नाहीतर मी तिचा भक्त आहे असं वाटेल. माझ्याकडे कॉलेजपासूनची कोलकात्याची गिटार आहे. तिच्यावर पॉलिएस्टरचा थर इतका जाड की अजून लग्नात मिरवता येईल. वीसेक वर्षांत झिजलंय काय? पहिल्या तीन फ्रेट्सवर जी आणि बी तारेखाली खड्डे. व्हॉल्यूमच्या नॉबवरचे आकडे पुसलेले. जॅकचा नट कायमचा ढिला. पायरीवर आपटली तिथे टवका उडालाय, आत पांढरट प्रायमर दिसतो, भिंतीचा पोपडा जसा. फोटो काढावा असं यात काहीही नाही. जाड थराच्या गिटारी रोरीच्या स्ट्रॅटसारख्या दिसणार नाहीत, कितीही घाम गाळा. त्यामुळे ‘नवी घ्या आणि स्वतः झिजवा’ हा सल्ला देणाऱ्यांनी आधी फिनिश कुठलं ते विचारावं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, दोन स्टार देऊन पोस्ट करणार होतो. मग अंबडच्या नानांकडे गेलो, म्हणून पुढचं.

नाना टूलरूम चालवतात, आमच्या ड्रमरचे मामा. खंडेनवमीला मशीनं पुजून ठेवलेली, म्हणून दसऱ्यानंतर बोलावलं. मी ब्रिज सुटा करून नेला होता. नानांनी तो उलटापालटा केला. ‘नवीन घेतली म्हणतोस ना?’

‘हो, नवीनच. कंपनीच गंजवते.’

‘आणि पैसे जास्त?’

‘जास्त.’

‘मग तो मागच्या शेडमधला स्क्रॅप बघून ठेव जाताना. एक्स्पोर्ट करू.’

एवढं बोलून त्यांनी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या वरच्या बाजूला टेकवून धरलं, तापला की तेलाचा थेंब, पुन्हा तापवणं, पुन्हा थेंब. मग एक बारीक टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हलकेच ठोकून आत बसवला आणि फिरवला. टक् असा आवाज आला. मला वाटलं तुटला. सुटला होता. व्हर्निअर लावून म्हणाले, हा ३ मिमीचा नाही, २.८ च्या आसपास आहे, इंची आटे दिसतात. होतेच ते, ४-४० चे, जुन्या अमेरिकन मापाचे. म्हणजे कॉलेज रोडच्या दुकानातून मी आणलेले एम-३ चे स्क्रू लागणारच नव्हते, आणि बळेच घातले असते तर सॅडलचे आटे कापले गेले असते. हे वाचणाऱ्यांपैकी एकाची जरी सॅडल्स यामुळे वाचली तरी पुरे. कीसुद्धा इंची लागते, ०.०५० ची, मेट्रिक १.३ आणि १.५ वर विसंबू नका. पहिली अडकते, दुसरी शिरतच नाही.

स्टेनलेसचे ४-४० ग्रब स्क्रू ऑनलाइन मागवले. नानांनी सॅडल्सचे आटे टॅप फिरवून साफ केले आणि दीडशे रुपये घेतले, तेही मी बळेच खिशात कोंबले. आता गंजक्या ब्रिजवर बारा चमकते ठिपके दिसतात. ड्रमर म्हणतो, म्हाताऱ्याला नवी कवळी बसवली. बसू दे. जाड ई पहिल्यांदा मला हवी तेवढी खाली आली आहे, आणि गिटार अशी वाजते की मी दोन स्टारचे तीन केले.

सर्व्हिस सेंटरला ही बातमी कळवली. या वेळी उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बाहेरचे स्क्रू लावल्यामुळे उरलेली वॉरंटी रद्द.

मग थंडी. निफाडला मित्राच्या मळ्यावर जमलो होतो. निफाडची थंडी इकडच्यांना सांगायला नको. गिटार केससकट रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली होती. सकाळी चुलीजवळच्या उबदार खोलीत आणून लगेच केस उघडली. टिक्. ड्रमरला वाटलं तार तुटली. वरच्या शिंगाजवळ आडवी बारीक रेघ, बोटभर लांबीची. लाकूड आणि लॅकर सारख्या वेगाने प्रसरण पावत नाहीत, त्यातून हे होतं. नायट्रो असेल तर केस खोलीत ठेवून तासभर तरी उघडू नये, असं जाणकार सांगतात ते याचसाठी.

पण ही रेघ बघण्यासारखी आहे. कंपनीचे तडे जाड, त्यांत काळपट रंग भरलेला, आणि सगळे जरा जास्तच सरळ. ही समोरून दिसतच नाही. ट्यूबलाइट तिरपी पडली की केसासारखी उजळते, मधेच थांबते, थोडी बाजूला सरकून पुन्हा सुरू होते. आता मला कंपनीच्या तड्यांकडे बघवत नाही. सगळे खोटे वाटतात, आधी वाटत नव्हते. हा गिटारचा दोष धरायचा की गुण, मला ठरवता येत नाही, त्यामुळे मार्क दिलेले नाहीत.

कोपराचंही तसंच. मी बसून वाजवतो, त्यामुळे माझा हात कंपनीने उडवलेल्या रंगाच्या इंचभर मागे टेकतो. तिथे आता लॅकर निस्तेज व्हायला लागलंय. पाठीवरच्या बक्कलच्या ओरखड्यांशी तर माझा काहीच संबंध नाही, मी घरी पायजम्यात वाजवतो.

घ्यावी का? हलकं एजिंग, नेक घासलेला, फ्रेट्स नवे, आणि हार्डवेअर मुलाम्यासकट असेल तर डोळे मिटून घ्या. लोखंड गंजवलेलं असेल तर दुकानातच ॲलन की लावून बाराही स्क्रू फिरवून दाखवायला सांगा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. आणि डिलिव्हरी घेताना ब्रिजचे जवळून फोटो काढा, तारखेसकट. स्टँडच्या रबराला सुती कापड गुंडाळा, नायट्रोला रबर खातं.

माझे साडेतीन स्टार, त्यातला अर्धा नानांचा. स्टेनलेसचे आठ ग्रब स्क्रू माझ्याकडे उरलेत, पाकीट वीसचंच मिळतं. नाशिकमध्ये कुणाची सॅडल्स अडकली असतील तर मेसेज करा, दोन-चार देऊन टाकीन. चहा तुमच्याकडून.