काट्याजवळ बसून केलेला अभ्यास

औसा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं खरेदी केंद्र मी सांभाळते. गेल्या सोयाबीन हंगामात एका व्यवस्थापन महाविद्यालयाकडून आमच्या कामाचा अभ्यास करून घेतला. ज्यांना असा अभ्यास करून घ्यायचाय, त्यांच्यासाठी लिहिते.

आधीचा अनुभव कडू होता. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका संस्थेचे लोक ४२ प्रश्नांचा फॉर्म घेऊन आले. ‘संचालक मंडळाच्या नेतृत्वाबद्दल मी समाधानी आहे’, आणि पुढे पाच चौकोन. सभासदांनी माझ्या तोंडाकडे बघत ‘सहमत’वर खुणा केल्या. अहवाल आम्हाला कधीच दिसला नाही. ऐन सुगीत माणसांचा वेळ घेऊन असं निघून जाणं मला अजून खटकतं.

यावेळी आलेल्या मुलीनं एका म्हाताऱ्या सभासदालाच विचारलं, काय अभ्यासू? ते म्हणाले, “माझं पोतं सकाळधरनं कुठं अडकलंय, तेवढं बघ की पोरी.” तोच तिचा विषय झाला. आठ दिवस ती काट्याजवळ बसली. प्रत्येक गाडीच्या पहिल्या कट्ट्याच्या तोंडाला नंबराची चिठ्ठी बांधायची आणि चाळणी, ओलावा, वजन, पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती), सगळीकडची वेळ वहीत टिपायची. हमाल कमी पडतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. निघालं भलतंच. ओलावा मोजायचं मशीन ऑफिसात होतं. मूठभर दाणे थाळीत घेऊन पोरगं तिथं यायचं, मी पट्ट्या करण्यात गुंतलेली, ते दारात ताटकळायचं. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे का, एवढंच बघायला! मशीन शेडात आणलं. चारला सुटणाऱ्या गाड्या जेवणाआधी सुटायला लागल्या.

शेवटच्या बैठकीत तिच्या सरांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलचं सांगितलं. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेच्या ए. के. राइस यांच्या अभ्यासातून तिथं विणकरांच्या टोळ्यांकडे ठरावीक माग सोपवले गेले, आणि टोळ्या कामगारांनी आपसातच जमवल्या. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. आमच्या मुकादमाला हे लगेच पटलं.

खर्च फक्त राहण्या-जेवणाचा आणि एसटीचा. अहवाल मात्र दोन महिने उशिरा आणि इंग्रजीत आला. हट्ट धरला तेव्हा चार पानं मराठीत मिळाली. हे आधीच लिहून घ्या.

पुढचा प्रश्न सभासदांनी सभेत ठरवलाय: आपली कंपनी असताना निम्मा माल आडतीवर का जातो? मुलगी याच हंगामात परत येतेय. जे आमच्यावर नाराज आहेत त्यांच्या घरी पहिल्यांदा जा, असं मी तिला सांगून ठेवलंय.