थंडरबोल्ट की थंडर? आधी पीपी मोजा

पोकेमॉनच्या फायररेड किंवा लीफग्रीन या गेममध्ये टीममध्ये इलेक्ट्रिक पोकेमॉन असला की हा प्रश्न येतोच. एका पोकेमॉनच्या चार मूव्हच्या (हल्ल्यांच्या) जागांपैकी एक थंडरबोल्टला द्यायची की थंडरला? दोन्ही ठेवले तर एकाच टाइपवर दोन जागा खर्च होतात, आणि जोल्टिऑनसारख्या इलेक्ट्रिक पोकेमॉनला ते परवडत नाही. आग, बर्फ आणि पाण्यातही हाच पेच आहे: फ्लेमथ्रोवर की फायर ब्लास्ट, आइस बीम की ब्लिझार्ड, सर्फ की हायड्रो पंप. मी मुख्यतः इलेक्ट्रिक जोडीबद्दल लिहितोय, कारण माझा निर्णय तिथेच झाला. आकडे २००४ च्या याच दोन गेमचे धरले आहेत. मालिकेतल्या गेमच्या सहाव्या पिढीपासून ९५ ताकदीच्या मूव्ह (थंडरबोल्टसारख्या) ९० वर आणि १२० च्या (थंडरसारख्या) ११० वर आल्या, पण त्याने निकाल बदलत नाही.

आधी थंडरची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. गेम प्रत्येक हल्ल्याच्या नुकसानीला ८५ ते १०० टक्क्यांमधल्या कुठल्यातरी आकड्याने गुणतो. १२० चे ८५ टक्के म्हणजे १०२. म्हणजे लागलेला सगळ्यात कमकुवत थंडरसुद्धा थंडरबोल्टच्या सगळ्यात जोरदार फटक्यापेक्षा मोठा असतो. शिवाय थंडरने पॅरालिसिस होण्याची शक्यता ३० टक्के, थंडरबोल्टने १०. या गेममध्ये पॅरालाइझ झालेल्याचा वेग एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. आणि पैसे. थंडरचा टीएम (पोकेमॉनला मूव्ह शिकवणारी वस्तू) पॉवर प्लांटमध्ये फुकट पडलेला असतो, तर थंडरबोल्टच्या टीएमला सेलाडॉन शहरातल्या गेम कॉर्नरमध्ये ४,००० कॉइन्स मोजावे लागतात. कॉइन्स थेट विकत घेतले तर ८०,००० रुपये होतात (पोकेमॉनचे रुपये, पण त्या टप्प्यावर तेही कुणाकडे सहज नसतात). जोल्टिऑन तर लेव्हल ५२ ला थंडर आपोआप शिकतो. थंडरबोल्ट त्याला टीएमशिवाय येत नाही.

माझा अशोक चौकातला एक मित्र पूर्ण थंडरवाला आहे. माझ्या टीममध्ये थंडर नाही हे पाहिलं की त्याचं ठरलेलं असतं, "असं कसं बे, एका फटक्यात झोपवणारी मूव्ह काढून टाकलास?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. समोरचा मोठा, जड पोकेमॉन एका फटक्यात खाली बसतो त्यातली मजा थंडरबोल्टमध्ये नाही, हे मलाही मान्य आहे.

या दोन मूव्हची तुलना निघाली की सगळे अचूकतेवर घसरतात. थंडर १०० पैकी ७० वेळा लागतो. सरासरी काढली तर १२० गुणिले ०.७ म्हणजे ८४, आणि थंडरबोल्टचे सरळ ९५. लागोपाठ दोन थंडर लागण्याची शक्यता ४९ टक्के, म्हणजे निम्म्यालाही किंचित कमी. त्यात समोरच्याने एकदा सँड अटॅक (अचूकता घटवणारी मूव्ह) केला की ७० चे साडेबावन्न होतात. हे सगळं बरोबर आहे, पण खरं सांगायचं तर मला चुकण्याचा तेवढा त्रास नाही. चुकला तर चुकला, पुढच्या वेळी लागेल. साध्या ट्रेनरशी लढताना एक फटका वाया गेल्याने काही बिघडत नाही.

माझा निर्णय पीपीने, म्हणजे एक मूव्ह किती वेळा वापरता येते त्या आकड्याने केला, आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात.

थंडरबोल्टचे पीपी १५, थंडरचे १०. वरवर पाहता फरक पाचाचा दिसतो. पण थंडर चुकला तरी पीपी जातोच. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फुगे फोडायला उभं राहिलं की छर्रे मोजून मिळतात, नेम चुकला म्हणून स्टॉलवाला छर्रा परत देत नाही; इथेही तसंच. दहा थंडरमधले सरासरी सात लागतात. म्हणजे एका पोकेमॉन सेंटरपासून (तिथे पीपी पुन्हा भरतात) दुसऱ्यापर्यंत थंडर एकूण ७ गुणिले १२०, म्हणजे ८४० ताकद देतो. थंडरबोल्ट १५ गुणिले ९५, म्हणजे १,४२५ देतो. हा आकडा डोळ्यांसमोर आला तेव्हा माझ्यापुरता वाद जवळजवळ मिटला.

उरलेला वाद एलिट फोरने, म्हणजे शेवटी सलग हरवाव्या लागणाऱ्या चार ट्रेनरनी मिटवला. तिथे एकदा आत शिरलं की मागचं दार बंद. मध्ये पोकेमॉन सेंटर नाही. चौघांचे प्रत्येकी पाच आणि चॅम्पियनचे सहा, असे २६ पोकेमॉन एका दमात. आता यातले इलेक्ट्रिकने झोपवण्यासारखे किती ते मोजू. लोरेलाय: ड्यूगाँग, क्लॉयस्टर, स्लोब्रो, लॅप्रास, असे चार. ब्रूनोकडे कुणी नाही, दोन ऑनिक्सना तर वीज लागतही नाही. अगाथाचा गोलबॅट एक. लान्सचे गॅराडॉस आणि एरोडॅक्टिल, दोन. चॅम्पियनकडे पिजिऑट नक्की, आणि तुम्ही सुरुवातीला कुठला स्टार्टर घेतला त्यावर अवलंबून आणखी एक किंवा दोन. बेरीज नऊ किंवा दहा. थंडर लागणार सात वेळा. प्रत्येक पोकेमॉन एकाच फटक्यात पडला असं धरलं तरी पुरत नाही. आणि ते एकाच फटक्यात पडत नाहीत. लॅप्रासचा एचपी (जीव) दांडगा आहे, आणि एखाद्याचा एचपी पावाच्या खाली गेला की ट्रेनर फुल रिस्टोर वापरून त्याला पुन्हा ताजातवाना करतो, म्हणजे आधीचा पीपी गेला तो गेलाच.

मला राग यायचा तो इथे. लोरेलायला हरवून, ब्रूनो आणि अगाथाला पार करून लान्सपर्यंत पोचायचं, समोर गॅराडॉस, ज्याच्यावर वीज चौपट लागते, सगळ्या खेळातली सोपी संधी, आणि थंडरच्या नावापुढे शून्य. ताकद १२० असो की १,२००, शून्य पीपीला तिचा उपयोग काय? इथर टाकून पीपी भरता येतो, पण इथर काँटोच्या (गेममधल्या प्रदेशाच्या) दुकानांत विकत मिळत नाही. वाटेत सापडतील तेवढेच, आणि ते मला सर्फसाठी किंवा सायकिकसाठीही लागतात. माझ्या हातात थंडरबोल्ट असताना ही वेळ आलेली आठवत नाही.

बाकीच्या जोड्या याच फूटपट्टीने पाहा, चटकन उरकतात. सर्फ विरुद्ध हायड्रो पंप ही लढतच नाही. सर्फ १५ पीपीचा, कधी न चुकणारा, आणि समुद्र ओलांडायला तो लागतोच. जागा त्याने आधीच घेतलेली असते. ब्लिझार्ड ५ पीपीचा आणि ७० टक्क्यांचा, म्हणजे साडेतीन फटके. आइस बीमचे दहा. लान्सच्या ड्रॅगोनाइटवर बर्फ चौपट लागतो, तिथे ९५ ची ताकदच एवढी होते की वरचे २५ वाया जातात.

फायर ब्लास्टबद्दल मात्र मी थोडं थांबेन. त्याची अचूकता ८५ आहे, सरासरी १०२ येते, म्हणजे या चार जोड्यांत फक्त इथेच मोठी मूव्ह सरासरीतही ठळकपणे पुढे आहे (हायड्रो पंप ९६ वर, सर्फच्या जेमतेम एकाने पुढे). ब्लेनला त्याच्या जिममध्ये हरवलं की तो टीएम हातात देतो, खर्च काही नाही. एखाद्याने मला सांगितलं की तो चारिझार्डला फायर ब्लास्टच ठेवतो, तर मी वाद घालणार नाही. मी स्वतः फ्लेमथ्रोवर ठेवतो. चार्मेलिऑनला (चारिझार्डच्या आधीच्या रूपाला) तो ३४ व्या लेव्हलला फुकट येतो, आणि फायर ब्लास्टचे पाच पीपी एलिट फोरआधीच्या व्हिक्टरी रोडच्या अर्ध्या वाटेतच संपतात.

थंडर कुठे बरोबर ठरतो? पावसात. रेन डान्स केला की थंडर चुकतच नाही, आणि मग मित्राचं म्हणणं शंभर टक्के खरं. नंतरच्या गेममध्ये ड्रिझल अॅबिलिटीवाला पॉलिटोड किंवा पेलिपर मैदानात आला की पाऊस आपोआप सुरू होतो, मग थंडरबोल्ट ठेवण्याचं कारण फारसं उरत नाही. माणसामाणसांत लढायच्या ऑनलाइन सामन्यातही माझा मुद्दा बराच लंगडा पडतो. सहा विरुद्ध सहाच्या लढाईत एका मूव्हचे दहा पीपी क्वचितच संपतात, आणि पुढच्या लढाईला सगळे पुन्हा भरलेले असतात. तिथे फक्त अचूकता विरुद्ध ताकद एवढाच प्रश्न राहतो, आणि तो ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा आहे. पण फायररेडमध्ये एकट्याने गोष्ट पुरी करताना रेन डान्ससाठी आणखी एक जागा आणि दर पाच चालींनी एक चाल द्यावी लागते. माझ्या मते हा सौदा महाग आहे.

माझी भाचरं जुळे सोलापुरात राहतात. मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही तेव्हा त्यांचा गेमबॉय बाहेर येतो, आणि "मामा, थंडर फुकट मिळतोय, मग ८०,००० कशाला?" हा प्रश्नही. मी त्यांना सांगतो की पिकाचू ठेवणार असाल तर एक पैसाही लागत नाही, २६ व्या लेव्हलला थंडरबोल्ट तो स्वतः शिकतो, फक्त त्याआधी थंडर स्टोन वापरून रायचू करू नका, कारण रायचू पुढे लेव्हल वाढवून तो शिकत नाही. जोल्टिऑन किंवा झॅपडॉस हवा असेल तर टीएम घ्या, पण घेण्याआधी कुणाला द्यायचा ते पक्कं करा. या गेममध्ये टीएम एकदाच वापरता येतो. कितीही वेळा वापरता येण्याची सोय २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटपासून आली.

आणि पीपी अप सापडला तर तो थंडरबोल्टवरच टाका. पीपी अप मूळ पीपीच्या एक पंचमांश वाढवतो: थंडरबोल्टला एका वेळी तीन मिळतात, थंडरला दोन, फायर ब्लास्टला फक्त एक.