तुरुंगातली बाग आणि तुरुंगातले नाटक

'ग्रीनफिंगर्स' (2000) आणि 'लकी ब्रेक' (2001) हे दोन्ही ब्रिटिश चित्रपट कैद्यांच्या हाती एक अनपेक्षित काम सोपवतात आणि त्यातून हसू व वेदना एकत्र आणतात. मात्र त्या कामामागचा हेतू दोन्हींत अगदी उलट आहे. ग्लॉस्टरशरमधील लेहिल या खुल्या कारागृहातील बागकाम करणाऱ्या कैद्यांवरून सुचलेल्या 'ग्रीनफिंगर्स'मध्ये क्लाइव्ह ओवेनने साकारलेला, सख्ख्या भावाच्या खुनाची शिक्षा भोगणारा कॉलिन म्हाताऱ्या सोबत्याने दिलेले व्हायोलेटच्या फुलांचे बी अनिच्छेनेच पेरतो, आणि ते उगवून आल्यावर त्याचे मन हळूहळू मातीत रुजते. हेलन मिरेनची उद्यानतज्ज्ञ बाई मजेदार आहे, पण कथा जरा जास्तच गोड होते.

दिग्दर्शक पीटर कॅटेनिओच्या 'लकी ब्रेक'मध्ये तुरुंगाधिकाऱ्याने ब्रिटिश नौसेनानी नेल्सनवर लिहिलेले संगीत नाटक बसवले जाते ते केवळ पळून जाण्यासाठी आडोसा म्हणून. (नाटकातली गीते विनोदी लेखक-अभिनेता स्टीफन फ्रायची आहेत, हेही ऐकताना जाणवते.) टिमोथी स्पॉलच्या हळव्या क्लिफची आत्महत्या मात्र सारा विनोद क्षणात थांबवते, आणि तुरुंग म्हणजे काय हे ज्या कठोरपणे तेथे कळते, तसे 'ग्रीनफिंगर्स'मध्ये कुठेच कळत नाही, म्हणून माझी पसंती, विस्कळीत पटकथेसह, 'लकी ब्रेक'लाच आहे.