चॅप्टर ७ की चॅप्टर १३: अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधी

क्रेडिट कार्डं, हॉस्पिटलची बिलं आणि घराचे हप्ते एकदम थकले की अमेरिकेत सहसा दिवाळखोरीच्या कायद्यातले दोन पर्याय उरतात: चॅप्टर ७ आणि चॅप्टर १३. त्यासाठी नागरिक असावं लागत नाही. एच-१बीवर राहणाऱ्यालाही अर्ज करता येतो. चॅप्टर ७ मध्ये बहुतेक विनातारण देणी काही महिन्यांत माफ होतात. चॅप्टर १३ मध्ये कोर्टाने मंजूर केलेला हप्ता तीन ते पाच वर्षं भरायचा.

सातसाठी कमाई बघतात. अर्जाच्या महिन्याआधीच्या पूर्ण सहा महिन्यांची सरासरी काढून वार्षिक आकडा करतात आणि तो आपल्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबांच्या मीडियन, म्हणजे बरोबर मधल्या, उत्पन्नाशी ताडतात. आकडा कमी असेल तर ही चाचणी पार. जास्त असेल तर ठरावीक खर्च वजा करून पुन्हा हिशोब होतो. त्यामुळे तारीख फार महत्त्वाची. समजा, महिना ९,००० डॉलरची नोकरी जूनअखेर गेली. जुलैत अर्ज केला तर वार्षिक उत्पन्न १,०८,००० धरलं जाईल. मधे दुसरी कमाई नसेल आणि ऑक्टोबरमध्ये केला तर ५४,०००. एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचा पगारही धरतात, अर्ज एकट्याचा असला तरी. निम्म्याहून जास्त कर्ज धंद्याचं असेल तर ही चाचणी लागूच होत नाही.

तेरासाठी उलट नियमित उत्पन्न हवंच. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून विनातारण कर्ज ५,२६,७०० डॉलरच्या आत आणि तारणी कर्ज १५,८०,१२५ च्या आत असावं लागतं. मागच्या चार वर्षांची कर-विवरणपत्रं भरलेली असायला हवीत.

थकलेलं घर वाचवायचं असेल आणि पगार चालू असेल, तर सातची पात्रता असूनही मी तेराच सुचवेन. सातमुळे लिलाव थोडा लांबतो, एवढंच. तेरामध्ये थकबाकी हप्त्याहप्त्याने फेडता येते.

आधी सातखाली माफी मिळाली असेल तर त्या अर्जापासून आठ वर्षं पुन्हा सातखाली माफी नाही. तेराखालच्या माफीला चार वर्षं. दोन्हींसाठी अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून समुपदेशन घ्यावं लागतं.

आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी: पुण्यातला फ्लॅट, गावच्या जमिनीतला हिस्सा, भारतातली एफडी, सगळं अर्जात लिहायचं. कायद्याला मालमत्ता कुठल्या देशात आहे याने फरक पडत नाही, आणि लपवाछपवी हा गुन्हा आहे. भावाचे उसने घेतलेले पैसे अर्जाआधीच्या वर्षभरात फेडले असतील तर ट्रस्टी (प्रकरण सांभाळायला नेमलेला अधिकारी) ते त्याच्याकडून परत मागू शकतो. सातमध्ये सवलतीबाहेरचा, म्हणजे कायद्याने राखून ठेवता येणाऱ्या मालमत्तेत न बसणारा, फ्लॅट विकला जाऊ शकतो. तेरामध्ये तो राहतो, पण सातमध्ये तो विकून ज्यांचं देणं आहे त्यांच्या हाती जेवढं पडलं असतं, किमान तेवढं हप्त्यांतून द्यावं लागतं.